इंजिन सुटलं, रोटरी अडली: पडून राहिलेल्या एका पॉवर टिलरचं प्रकरण

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यातलं गाव, काका-पुतण्याचं घर. गावाचं नाव, माणसांची नावं आणि मशीनची कंपनी मुद्दाम गाळली आहे. काका सत्तरी ओलांडलेले, पुतण्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा. शेती थोडी पण दुपिकी: पावसाळ्यात सरद म्हणजे खरीप भात, आणि तिळारीच्या कालव्याला पाणी आलं की वायंगण म्हणजे रब्बीचं भात. कुणगे (भातखाचरं) लहान, मेरा (बांध) अरुंद, आणि आत जायची वाट दोन घरांच्या कुंपणांमधून. तिथे ट्रॅक्टर उतरतच नाही. बैलजोडी काकांनी केव्हाच विकली, त्यामुळे चिखलणीला दर वर्षी भाड्याचा टिलर, म्हणजे मागून हँडल धरून चालवायचं छोटं मशागतीचं यंत्र.

भाड्याच्या टिलरची पंचाईत अशी की तो सगळ्यांना एकाच आठवड्यात हवा असतो. पाऊस धरला, कुणग्यात पाणी तुंबलं, तरवा (लावणीचं भाताचं रोप) तयार झाला की टिलरवाल्याचा फोन लागत नाही. आधीच्या सरदीला यांची पाळी इतकी उशिरा आली की तरवा महिन्याच्या वर गेला. २१ ते २५ दिवसांचं रोप लावलं तर ते चांगलं फुटतं. जून झालेल्या तरव्याला फुटवे कमी, पर्यायाने लोंब्या कमी. ते पीक पाहून पुतण्याने मनावर घेतलं.

पलीकडच्या वाड्यावर एका मांगरात (शेतातल्या शेडमध्ये) टिलर पडून असल्याचं त्याच्या कानावर आलं. १३ अश्वशक्तीचा, आडव्या एका सिलिंडरचा, पाण्याने थंड होणारा, हँडल मारून सुरू करायचा. मालक वारलेला, मुलगे परदेशात, घरच्यांना जागा मोकळी हवी होती. १५ हजारांत सौदा झाला. माझी सगळी नोकरी डिझेल इंजिनं शिकवण्यात झाली म्हणून मला बोलावलं, पण सौदा झाल्यावर. बहुतेकदा असंच होतं.

मशीनची अवस्था

मांगराचं एका बाजूचं छप्पर उडालं होतं आणि नेमकी तीच बाजू इंजिनाची. सायलेन्सरचं तोंड आभाळाकडे, वर झाकण नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला थोडा जरी त्या नळीतून आत गेला असेल तरी पुढचं चित्र डोळ्यांसमोर येतं.

एअर क्लीनरच्या वाटीत ऑइलऐवजी कुंभारीण माशीने बांधलेली मातीची घरं होती. डिझेलच्या टाकीला आंबूस वास, तळाशी काळा चिकट गाळ. पाण्याच्या टाकीतलं पाणी मालकाने शेवटच्या हंगामानंतर सोडलेलंच नव्हतं, ते चहासारखं तांबडं झालेलं. बेल्टांना भेगा. टायरही तडकलेले.

डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या वर. पडून राहिलेल्या इंजिनात ऑइल वाढलेलं दिसलं की समजावं, खाली पाणी आहे. ड्रेनचा बोल्ट सैल केल्यावर आधी पाण्याची धार आली, मग दुधाळ पातळ, आणि शेवटी काळं ऑइल.

हँडल लावलं. डीकॉम्प्रेशनची दांडी (सिलिंडरातला दाब सोडणारी) उचलूनही ते सुतभर हललं नाही. अडकलंय ते इंजिन की गिअरबॉक्स हे कळायला तिन्ही बेल्ट उतरवले. गिअरबॉक्सची पुली हाताने फिरली, फ्लायव्हील जागचं हललं नाही. म्हणजे पिस्टन स्लीव्हमध्ये, सिलिंडरच्या आतल्या नळीत, गंजून धरला होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, मशीन भंगारात देऊन आधीसारखाच भाड्याचा टिलर. काकांचं मत तेच होतं. "अरे, मेलेल्या म्हशीला दावं कशाला बांधतोस?" असं ते म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने हिशेबही होता.

दुसरा, अनुदानावर नवा टिलर. किंमत दोन लाखांच्या घरात, अनुदान मिळालं तर भार बराच हलका होतो. पण त्यासाठी कृषी कार्ड हवं, आणि कृषी कार्डासाठी जमिनीचे कागद. एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, तेही कुळाच्या रकान्यात. १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन दिली खरी. कागदावर नाव चढवण्याचं काम मात्र कितीतरी घरांत दोन पिढ्या तसंच राहिलं आहे. या घराचंही तेच. येत्या सरदीला ते होणार नव्हतं.

तिसरा, पेट्रोलवरचा छोटा वीडर. कुळागरातलं (माडा-पोफळींच्या बागेतलं) गवत, भाजीचे वाफे यांना तो ठीक. गुडघाभर चिखलात त्याचं वजनही पुरत नाही आणि ताकदही.

चौथा, हाच टिलर घरी उघडायचा. मी पुतण्याला एकच गोष्ट आधी ठरवायला सांगितली: या मशीनने जूनअखेर काय करायचं आहे? उत्तर सोपं होतं, चिखलणी. मग टायर बाद झाले तरी हरकत नाही, कारण चिखलात लोखंडी केजव्हील लागतात. पत्रा रंगवायची गरज नाही. दिवा, ट्रेलरची कडी हे सगळं नंतर. एवढं ठरल्यामुळे पैसे वाचले. मात्र चिखलणी हेच काम असेल तर चिखलात बुडणारा प्रत्येक भाग आधी तपासायचा, हा त्याच उत्तराचा दुसरा अर्धा भाग होता. तो मागे पडला.

अडकलेला पिस्टन

इथे पहिला खरा निर्णय होता. गावातल्या मेस्त्रीचा सल्ला असा: टिलर गिअरमध्ये टाका, पिकअपला दोर बांधा आणि ओढा, आपोआप सुटेल. कधी कधी सुटतोही. पण गंजाने रिंगा स्लीव्हला चिकटलेल्या असताना चाकांकडून जोर आला की तो कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकला तर ते बाहेरून दिसत नाही. काही तासांनी इंजिन ठोकायला लागतं आणि तेव्हा क्रँकही गेलेला असतो. मी नको म्हटलं. पुतण्याला ते पटलं की नाही माहीत नाही, पण पिकअप आली नाही.

नोझल काढून त्या भोकातून डिझेल आणि ट्रान्समिशन ऑइल यांचं मिश्रण ओतायचं ठरलं. उभ्या सिलिंडरात हा उपाय सरळ आहे: द्रव पिस्टनच्या डोक्यावर साचतो आणि चोहोबाजूंनी रिंगांत झिरपतो. आडव्या सिलिंडरात मात्र तो फक्त खालच्या अंगाला साचतो, वरची अर्धी कड कोरडीच. म्हणून सगळं मशीन उभं करावं लागलं. डिझेल, ऑइल, पाणी काढून टाकलं, फणसाच्या जाड फांदीला चेनपुली बांधली, आणि पुढचं टोक उचलून हेड आभाळाकडे येईल असं टिलर टेकवलं. खाली लाकडी ठोकळे दिले, नुसत्या साखळीवर ठेवलं नाही. काकांनी खुर्ची आणून तिथेच मुक्काम ठोकला. रोज संध्याकाळी पुतण्या पाळीवरून आला की थोडं मिश्रण ओतायचा आणि हँडलवर हलका भार द्यायचा.

हललं नाही.

शिगमो (होळीचा सण) होऊन गेला तेव्हा टिलर पुन्हा आडवा केला आणि वेगळा प्रश्न विचारला: ऑइलमध्ये पाणी आलं कुठून? सायलेन्सरमधून आलं असेल तर ते पिस्टनच्या वरच्या बाजूला. पण स्लीव्हच्या खालच्या रबरी रिंगा गेल्या असतील तर टाकीतलं पाणी थेट क्रँककेसमध्ये उतरतं. क्रँककेसचं मागचं झाकण उघडलं, आतून फडक्याने कोरडं केलं, पाण्याची टाकी भरली आणि टॉर्च लावून बघत बसलो. थोड्या वेळाने स्लीव्हच्या खालच्या कडेला बारीक ओल आली. मग एक थेंब लोंबला, घसरला, आणि त्याच जागी दुसरा धरला.

या थेंबाने निर्णय बदलला. रिंगा बदलायच्या तर स्लीव्ह बाहेर काढावीच लागणार. मग पिस्टन आत असतानाच सोडवण्याचा खटाटोप कशासाठी? हेड उतरवलं, मागच्या झाकणातून बिग एंडचे (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) बोल्ट सोडले आणि जाड लाकडाचा दांडा लावून स्लीव्ह पिस्टनसकट पुढे ढकलून काढली. तेवढ्याने ती निघाली. बाकावर घेऊन पिस्टन ठोकून काढल्यावर कारण दिसलं: स्लीव्हच्या आत, रिंगा जिथे थांबल्या होत्या तिथे, नखाला लागतील असे गंजाचे खड्डे. होनिंग करून (आतून घासून) भागलं नसतं. पिस्टन, रिंगा, पिन आणि स्लीव्ह असं पूर्ण किट घ्यायचं ठरलं.

जुळवणी

किट म्हापशात मिळालं नाही. चोर्ला घाटातून बेळगावला जावं लागलं, आणि एवढं जाणं आहेच तर क्रँकचा जर्नल (बेअरिंग बसतं तो भाग) मायक्रोमीटरने मोजून घेणं आणि हेड लेथवाल्याकडे दाखवणं हीही कामं तिथेच झाली. जर्नल ठीक निघाला. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घरीच घासून बसवता आले. नोझल टेस्टिंगला दिला तर त्याचा फवारा न होता पिचकारी होत होती, तोही बदलला. या सगळ्यात वेळ गेला तो मुख्यतः किट येण्याची वाट बघण्यात. दुकानात ते लगेच नव्हतं.

स्लीव्ह बसवताना दोन गोष्टी सांभाळल्या. ब्लॉकमधल्या ज्या कडेवर रबरी रिंग बसते तिथला गंज बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत काढला, कारण नवी रिंग खडबडीत जागी बसवली तर ती पहिल्याच दिवशी कापली जाते. आणि पिस्टन घालण्याआधी नुसती स्लीव्ह बसवून, पाणी भरून रात्रभर ठेवलं. सकाळी आत कोरडं होतं. ही चाचणी फुकट आहे आणि ती न करता इंजिन जोडून टाकणारे मेस्त्री मी पुष्कळ पाहिले आहेत.

डिझेलच्या टाकीत साखळीचे तुकडे आणि थोडं डिझेल घालून ती घुसळली. गंज, गाळ सगळं निघालं. बारीक बोल्ट-वॉशर काकांनी बिंबलांच्या (आंबट फळांच्या) रसात भिजत घातले. बिंबलांत ऑक्झॅलिक आम्ल असतं, कपड्यांवरचे गंजाचे डाग त्यानेच जातात. बोल्टही दुसऱ्या दिवशी करडे स्वच्छ निघाले. फक्त लगेच धुऊन, पुसून तेल लावावं लागतं, नाहीतर दुपारपर्यंत पुन्हा तांबूस. म्हशीचा दाखला देणारे काका एव्हाना बोल्ट मोजून डब्यात भरत होते.

बेल्ट तिन्ही एकदम बदलले. एकच तुटका म्हणून एकच नवा टाकला तर सगळा भार नव्यावर येतो आणि तोही लवकर जातो.

पहिली सुरुवात

सुरू करण्यापूर्वी पाहायची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पडून राहिलेल्या डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे डिझेलचं प्रमाण ठरवणारी सरकती पट्टी, सुकलेल्या डिझेलने अडकतो. तो पूर्ण डिझेलच्या जागी अडकला असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम पळतं, वेग ताब्यात ठेवणारा गव्हर्नर त्याला आवरू शकत नाही. इथे झाकण काढून पाहिलं, रॅक खरंच घट्ट होता. स्वच्छ डिझेलने धुऊन बोटाने सहज सरकेल असा केला. तरीही सुरू करताना पुतण्याच्या हाती एअर क्लीनरची नळी झाकायला लाकडी फळी दिली. डिझेल इंजिन बंद करायचा हमखास मार्ग हवा तोडणं हाच.

डिझेलच्या नळीतली हवा काढली. डीकॉम्प्रेशन उचलून हँडल फिरवलं की नोझलचा कुरकुरल्यासारखा आवाज येतो, तो आल्याशिवाय दांडी सोडायची नाही. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला, दांड्याभोवती नाही. इंजिन उलटं मारलं तर अंगठा वाचतो. मे महिना संपत आला होता. दोनदा नुसता धूर आला, मग पांढऱ्या धुराचा मोठा लोट आणि ठोका धरला. वाड्यावरची माणसं जमली. फळी लागली नाही.

जे राहून गेलं

रोटरी. म्हणजे टिलरच्या मागचा, चिखल ढवळणारा पात्यांचा फिरता शाफ्ट. त्याला फिरवणारी चेन ज्या पेटीत असते त्या चेनकेसचं ऑइल बदला आणि शाफ्टभोवतीचं रबरी सील बघा, असं मी यादीत लिहून दिलं होतं. किट उशिरा आल्याने घाई झाली आणि रोटरीकडे मेस्त्री आणि पुतण्या एका रविवारी वळले. रोटरी हाताने छान फिरत होती, आवाज नाही, खेळ नाही. वरचा लेव्हलचा बोल्ट काढून काडी घातली, ऑइल स्वच्छ लागलं. खालच्या ड्रेन बोल्टचं डोकं गंजून गोल झालेलं, पाना बसेना. "चालतंय ते कशाला उघडायचं?" असं ठरलं, आणि एरवी हा विचार वाईट नाही.

पण पाणी ऑइलपेक्षा जड असतं. काही पावसाळे स्थिर उभ्या राहिलेल्या चेनकेसमध्ये पाणी तळाशी बसतं आणि वरून पाहणाऱ्याला स्वच्छ ऑइलच दिसतं.

जूनअखेर चिखलणी सुरू झाली. पहिले कुणगे सुरेख झाले. नंतर रोटरीतून खरखर, मग दणके, आणि टिलर चिखलात उभा. मेरेवर काढून ड्रेनच्या गोल डोक्यावर नट वेल्ड केला तेव्हा बोल्ट निघाला: आधी पाणी, मग राखाडी ऑइल, त्यात बेअरिंगच्या पिंजऱ्याचे तुकडे. रोटरीचा शाफ्ट ओढून काढला तर सीलच्या ओठात खताच्या गोणीचा प्लॅस्टिकचा धागा गुंडाळला गेला होता, जुना, काळा पडलेला. त्या धाग्याने सील मागच्या मालकाच्या वेळीच कापलं असणार.

सील काही शे रुपयांचं. आता बेअरिंग, चेन आणि स्प्रॉकेट मिळून साडेसहा हजार गेले, आणि भर लावणीत सुटे भाग यायला लागलेला वेळ वेगळा. निम्मे कुणगे शेवटी भाड्याच्या टिलरने केले, त्याच उशिराच्या पाळीने. तरवा पुन्हा जून झाला, या खेपेला अर्ध्या शेतापुरता.

परिणाम आणि हिशेब

खरेदी १५ हजार, इंजिन सुरू होईपर्यंत सुमारे २७ हजार, रोटरीचे साडेसहा. एकूण ४८ हजार ५०० च्या आसपास, नव्या टिलरच्या चौथाईच्या थोडं आत. मजुरी यात धरलेली नाही, कारण ती घरची. वायंगणीला मात्र संपूर्ण शेत याच मशीनने झालं, पाणी आलं त्याच आठवड्यात, आणि शेजारच्या दोन घरांची चिखलणीही भाड्याने केली.

काय वेगळं करता आलं असतं

सौद्याआधी डिपस्टिक आणि हँडल एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या असत्या तरी किंमत निम्म्यावर आली असती. अडकलेलं इंजिन आणि ऑइलमध्ये पाणी असलेला टिलर भंगाराच्या वजनानेच घ्यायचा असतो.

पिस्टन भिजवण्यात मार्च गेला. झिरपण्याची चाचणी आधी केली असती तर स्लीव्ह काढायची हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं आणि किटची ऑर्डर महिनाभर आधी गेली असती. पुढची सगळी घाई इथूनच सुरू झाली.

रोटरीच्या बाबतीत सगळं उघडायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. तळाचा बोल्ट काढून पेलाभर ऑइल बाहेर घेणं पुरलं असतं. ड्रेन बोल्ट निघत नसेल तर ते काम पुढे ढकलायचं कारण ठरत नाही, उलट संशय वाढवायचं ठरतं. जो बोल्ट गंजून गोल झाला आहे तिथलं ऑइल कित्येक वर्षं बदललेलं नाही. शिवाय मेमध्ये इंजिन चाललं तेव्हा एखाद्या ओलसर कुणग्यात रोटरी लावून दोन तास चालवली असती तरी दोष आधीच बाहेर आला असता. अंगणात ठोका धरलेल्या मशीनची ती परीक्षा झालीच नाही.

सध्या

सायलेन्सरवर आता नारळाची करवंटी उपडी असते, हंगाम संपला की पाणी सोडलं जातं, आणि रोटरीच्या शाफ्टवरचे धागे काढायचं काम काकांनी अंगावर घेतलं आहे. उजव्या बाजूचा स्टिअरिंग क्लच (त्या बाजूच्या चाकाची ताकद तोडून वळवणारा) अजून जड चालतो. सपाटीवर ते निभावतं. उतारावर एका बाजूचा स्टिअरिंग क्लच दाबला की त्या बाजूचं चाक मोकळं पळतं आणि मशीन उलट्या बाजूला वळतं, त्यामुळे कुंपणांमधल्या उताराच्या वाटेवर पुतण्या क्लचला हातच लावत नाही, पहिल्या गिअरमध्ये हँडल रेटून वळवतो. क्लचचं काम पुढच्या उन्हाळ्यात धरलं आहे. एक-चौदावर नाव चढवण्याचा अर्ज मामलेदार कचेरीत दाखल झाला आहे.